गुडघ्याची निगा

पन्नाशी उलटली की पुष्कळांच्या गुडघ्यांची तक्रार सुरू होते. पाटावरून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना उतरताना कळ येते, आणि मग घरची माणसे म्हणू लागतात, "आता तुम्ही बसूनच राहा." श्रोतेहो, हा सल्ला मायेचा खरा; परंतु पुष्कळदा तोच गुडघ्याला बाधतो.

मांडीचे हाड, नडगीचे हाड व पुढील वाटी यांच्या मेळाने हा सांधा झालेला आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते, आणि हालचालीमुळे तो द्रव खेळता राहतो. गुडघा सावरून धरण्याचे काम मुख्यतः मांडीच्या पुढील स्नायूंचे. माणूस बसून राहिला की हे स्नायू रोडावतात, सांध्यावरील ताण वाढतो, दुखणे बळावते, व दुखण्याच्या भीतीने तो अधिकच बसून राहतो. हे चक्र तोडण्याचा उपाय म्हणजे बेताचा व्यायाम होय.

पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी व ती गुडघ्याने दाबून पाच अंक मोजावे. असे 10 वेळा करावे. मग उताणे निजून एक पाय दुमडावा व दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा. हे साधल्यावर खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याचा सराव करावा. सपाट रस्त्याने रोज चालावे. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर व्यायामाचे प्रमाण कमी करावे.

जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. फार वेळ उकिडवे बसू नये. प्रार्थनेसाठी गुडघे टेकावयाचे तर खाली जाड घडी घ्यावी. स्थूल माणसाचे वजन 1 किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात आढळले.

गुडघा मुरगळून सुजला तर मात्र पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा. चोळू अगर शेकू नये. पायावर भार घेता येत नसेल, गुडघा अडकला असेल, किंवा तो लाल होऊन अंगात ताप भरला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एरव्ही मात्र दुखऱ्या गुडघ्याच्या वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवण्यापेक्षा, घरातील कोणी तरी रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत थोडे चालून यावे.