सॅल्यूट अडला तेव्हा

तिरुवैयारुतून, कावेरीच्या काठावरून बोलतोय.

फौजेत सॅल्यूट ठोकण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर इथे त्यागराजांच्या समाधीच्या दर्शनाला आलो, तर नदीत आंघोळ करताना उजव्या हाताने तांब्या डोक्यावर जाईना. दुखणं सोसायचं, ही फौजी खोड. आठ महिने सोसलं. रात्री त्या कुशीवर वळलो की डोळ्यांत पाणी यायचं.

शेवटी तंजावरात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्वतः हात बाहेर वळवून पाहिला, त्यांनाही वळेना. "फ्रोजन शोल्डर," म्हणाले, आणि साखर तपासायला लावली. निघाला मधुमेह!

यात सांध्याभोवतीचं आवरण सुजून आखडतं. आधी दुखतं, मग जखडतं, मग हळूहळू सुटतं. बहुधा १ ते ३ वर्षं जातात. सुरुवातीला वेदनाशामक गोळ्या, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याने साखर काही दिवस चढते, मोजत राहा. दुखणं उतरलं की शेक घेऊन व्यायाम: वाकून हात लंबकासारखा झुलवा, बोटं भिंतीवर चढवा. हिसका देऊ नका, हात झोळीत बांधूनही ठेवू नका. महिनोन्‌महिने फरक पडला नाही, तर भूल देऊन सांधा मोकळा करतात किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

पण खांदादुखीसोबत छातीत दडपण, घाम असेल, तर तडक इस्पितळ गाठा.

आज तांब्या डोक्यावर जातो. सॅल्यूट अजून दोन बोटं कमी पडतो. सोसण्यात घालवलेल्या आठ महिन्यांचा तो हिशेब. तुम्ही सोसू नका. जय हिंद.