सूर सर्वांचा, मत एकाचे



संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. येथून निघालेला कीर्तनाचा स्वर पंजाबपर्यंत पोहोचला आणि नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहेबात समाविष्ट झाली. १९८२ मध्ये राष्ट्रपतीपदी निवडून आलेल्या झैलसिंग यांना ‘ग्यानी’ म्हणत, ते याच ग्रंथाच्या अध्ययनामुळे. मराठवाड्यातील एका खेड्याचा सूर सातशे वर्षांचे अंतर कापून राष्ट्रपतीभवनात असा पोहोचला. मात्र राष्ट्रपती निवडताना गायकाच्या मताला किती मोल असते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर अनेकांना चकित करणारे आहे.

राष्ट्रपतीची निवड आपण थेट करत नाही. घटनेच्या ५४व्या कलमानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्यच ते मतदान करतात. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१च्या जनगणनेवरून ठरते. त्या वेळची महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे पाच कोटी चार लाख; तिला २८८ आमदारांनी आणि पुन्हा एक हजाराने भागले की १७५ हा आकडा येतो. वसमत, कळमनुरी आणि हिंगोली हे या जिल्ह्याचे तीन विधानसभा मतदारसंघ. म्हणजे जिल्ह्याच्या आमदारांचे एकत्रित मूल्य ५२५. येथील भजनी मंडळातला पखवाजवादक असो वा कीर्तनकार, त्याचे मत या ५२५मध्ये अप्रत्यक्षपणे सामावलेले असते.

आता दिल्लीकडे वळू. नोव्हेंबर १९९९मध्ये, अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार असताना, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी लता मंगेशकर यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. २००१मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले. जुलै २००२मध्ये राष्ट्रपतीपदाची निवडणूक झाली. एका बाजूला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, दुसऱ्या बाजूला आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. कलाम स्वतः वीणा वाजवीत. वीणेची साधना करणारा उमेदवार आणि सभागृहात साक्षात गानसम्राज्ञी! पण लतादीदींना त्या निवडणुकीत मत नव्हते. कळमनुरीच्या आमदाराला होते, गानसम्राज्ञीला नव्हते.

हा कलावंताचा अवमान आहे का? मुळीच नाही. कला, साहित्य, विज्ञान व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा जणांना राष्ट्रपती राज्यसभेवर नियुक्त करतात. ज्यांना राष्ट्रपतींनी नेमले त्यांनीच पुढचा राष्ट्रपती निवडावा, हे लोकशाहीच्या शिस्तीत बसत नाही. तो अधिकार जनतेने निवडून दिलेल्यांचा. मात्र उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत नियुक्त सदस्यांनाही मत असते. म्हणून ऑगस्ट २००२मध्ये भैरोंसिंह शेखावत आणि सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांच्यातील लढतीत लतादीदींना मताधिकार होता.

याची दुसरी बाजू आसामात दिसते. भूपेन हजारिका १९६७ ते १९७२ या काळात अपक्ष आमदार होते. १९६९च्या गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यातील गाजलेल्या लढतीत ‘सद्सद्विवेकाला स्मरून मतदान’ हा शब्दप्रयोग देशभर गाजला. त्या निवडणुकीत हजारिकांना मत होते, कारण ते जनतेतून निवडून आले होते. दोघेही थोर कलावंत. एकाला मत, एकीला नाही. फरक गळ्याचा नव्हता, लोकांनी दिलेल्या कौलाचा होता.

मताचा अधिकार असा मोजूनमापून दिलेला आहे. विचार व्यक्त करण्याचा अधिकार मात्र मोजलेला नाही. तो गायकाला आहे, तसाच शेतमजुरालाही आहे. इथेच आपली कसोटी लागते. नोव्हेंबर २०१३मध्ये पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या कार्यक्रमात, नरेंद्र मोदी पंतप्रधान व्हावेत, अशी इच्छा लतादीदींनी बोलून दाखवली. लगेच मुंबईतील एका काँग्रेस नेत्याने त्यांचे ‘भारतरत्न’ काढून घेण्याची भाषा केली. अर्धशतकाहून अधिक काळ देशाला गाणे देणाऱ्या व्यक्तीने एक वाक्य उच्चारले आणि तिचा सन्मानच पणाला लावला गेला. महाराष्ट्राला ते रुचले नाही, आणि रुचू नये हेच योग्य होते.

परंतु न्यायाचा तराजू एकच असावा लागतो. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमर्त्य सेन यांनी मोदींविषयी प्रतिकूल मत मांडले, तेव्हा भारतीय जनता पक्षाच्या एका खासदाराने त्यांच्याही ‘भारतरत्न’बाबत अशीच भाषा वापरली होती आणि पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. मत आपल्या बाजूचे असेल तर कलावंत थोर आणि विरुद्ध असेल तर कृतघ्न, ही रीत कोणाच्याही अंगणात शोभत नाही. सन्मान साधनेचा होतो. तो मताच्या बदल्यात दिलेली उसनवारी नव्हे.

दुसरे टोकही टाळावे. एखादा गायक थोर आहे म्हणून राजकारणातले त्याचे मत आपोआप थोर होत नाही. रागाची पारख आणि राज्यकारभाराची पारख या दोन विद्या आहेत. कलावंताचे मत ऐकावे, तपासावे, पटले तर घ्यावे. त्याच्या गळ्यावरच्या प्रेमापोटी आपला विवेक गहाण टाकू नये.

निवडणूक आली की गावोगावच्या भजनी मंडळांना या ना त्या व्यासपीठावर बोलावणे येते. कोणी जातो, कोणी नाही म्हणतो. जो गेला त्याला विकला गेला म्हणू नये आणि जो गेला नाही त्याला शत्रू मानू नये. एकादशीला हीच मंडळी पुन्हा एका टाळाच्या ठेक्यावर उभी राहणार आहेत. तो ठेका निवडणुकीपायी मोडला, तर कोणताही निकाल त्याची भरपाई करू शकणार नाही.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. त्यांनी कोणाला मत दिले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांचा सूर मात्र सर्वांनी जपला. नामदेवांच्या भूमीत आपण एवढे तरी पाळू या. मत ज्याचे त्याचे राहो, आणि सूर सर्वांचा राहो.