पंक्चर आम्हीच काढतो

आम्ही दहाजणी बचत गटाच्या बायका आज तुमच्याशी बोलायला आलोय. विषय आहे सायकलच्या पंक्चरचा. हसू नका बरं. आमच्या घरची माणसंही आधी हसलीच होती.

आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल 4 किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशा आमच्याकडच्या 6 मुलींना मिळाल्या. पण वाट बाभळीची. काटा घुसला की सायकल भिंतीला. पंक्चरचं दुकान हायस्कूलच्याच गावात. "बाबा बाजारच्या दिवशी नेतील" असं म्हणायचं, आणि बाजाराच्या दिवशी बाबांना दुसरंच काम निघायचं. एका मुलीची सायकल अशीच तीन आठवडे उभी राहिली. सहामाहीचे दोन पेपर बुडाले. घरात बोलणं सुरू झालं, "बास झाली शाळा, चल कापूस वेचायला." पोरगी आमच्यातल्याच एकीची. त्या बैठकीत आम्ही ठरवलं, पंक्चर आपणच काढायचं.

गटाच्या पैशातून हवेचा पंप, पाना, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, सोल्युशन, पॅच, पॉलिशपेपर आणि वालट्यूब आणली. पहिल्या दिवशी पट्ट्या सापडेनात, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घातला. एक भोक होतं, त्याची तीन झाली! दुसऱ्या वेळी पॅच झकास बसला, पण टायरमधला काटा काढायचाच राहिला. सकाळी सायकल पुन्हा बसलेली. शेवटी दुकानवाल्या मामांना गाठलं. त्यांनी एक दुपार दिली आणि हातात धरून शिकवलं. तेच सांगतो.

हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं नाही. आधी हवा भरा आणि वालवर थुंकी किंवा पाणी लावा. बुडबुडे आले तर वालट्यूब फाटलीय. ती बदलली की काम झालं.

पंक्चरच असेल तर चाक काढायची गरज नाही. हवा सोडा, वाल आणि त्याचा नट काढा. वालच्या समोरच्या बाजूनं पट्टी घालून टायरची एकच कड रिमबाहेर काढा. ट्यूब ओढून घ्या, वाल लावून हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यातून थोडी थोडी फिरवा. बुडबुडे दिसतील तिथं पेनानं खूण करा. मग हवा सोडून ट्यूब कोरडी पुसा आणि पॉलिशपेपरनं घासा. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. आम्ही इथंच घाई करायचो. ओल्यावर पॅच टिकत नाही. पाचेक मिनिटांनी, बोटाला चिकट लागलं पण ओलं लागलं नाही, की पॅच लावून जोरात दाबा.

मग टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. काटा असेल तिथं फडकं अडकतं. नुसतं बोट फिरवू नका, रक्त निघतं. काटा काढला की ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून ती आत बसवा. वालपासून दूरची कड आधी बसवत या आणि वालजवळची शेवटी. शेवटचा भाग हातानंच दाबायचा, पट्टीनं ट्यूब चिमटते.

चेन उतरली तर मागच्या छोट्या चक्रावर ती आधी बसवा. मग पुढच्या मोठ्या चक्राच्या खालच्या दातांत अडकवून पायडल हळूच उलटं फिरवा. बोटं लांब ठेवा. पदर, ओढणी आधी खोचून घ्या. चेनला गोडं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून घट्ट चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब घाला आणि वरचं पुसून काढा. तेल रिमला लागता कामा नये. नाहीतर ब्रेक धरत नाही.

ब्रेकचं मात्र एक लक्षात ठेवा. दुरुस्तीनंतर सायकल हातात धरून चालवा, दोन्ही ब्रेक दाबून बघा. चाक थांबलं नाही तर मुलीला त्या सायकलवर बसवू नका. चाक डुगडुगत असेल, तारा तुटल्या असतील, तर तेही काम दुकानातच. आम्हाला सगळं येतं असं नाही. काय येत नाही ते कळायला लागलंय.

आणखी एक चूक सांगतो. सामानाची पिशवी आम्ही अध्यक्षबाईंच्या घरी ठेवली होती. बाई दिवसभर रानात, घराला कुलूप. सकाळी सातला पोरगी दाराशी येऊन परत जायची. मग पिशवी मुलींकडेच दिली. बारावीतली मुलगी ती सांभाळते, आणि सहाहीजणींना पंक्चर काढता येतं. आता आम्ही शिकवत नाही, नुसतं बघत उभ्या राहतो.

पंक्चरचे थोडे पैसे वाचतात, पण आम्ही हे त्यासाठी केलं नाही. सायकल उभी राहिली की आधी शाळा बुडते, मग "कशाला शाळा" असं म्हणायला घरच्यांना कारण मिळतं. ते कारण आम्हाला ठेवायचं नव्हतं. जिचे पेपर बुडाले होते, ती यंदा दहावीला आहे. परवा वाटेत पंक्चर झालं, तर पंधरा मिनिटं उशिरा पोचली. पण पोचली.

तुमच्या दाराशी सायकल भिंतीला टेकून उभी असेल, तर आज संध्याकाळी घमेल्यात पाणी घ्या आणि मुलीलाही जवळ बसवा.