अंगणातला फेर, रंगमंचावरची रांग

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांच्या, महिला मंडळांच्या बायांनो, आणि दळण निवडता निवडता कानोसा घेणाऱ्या आजीबाईंनो!

आज बोलायचं आहे नाचाबद्दल. गौरीला आपण रात्रभर फेर धरतो, लग्नात हळदीच्या रात्री नाचतो. वारल्यांच्या पाड्यावर तारपा वाजतो, ठाकरवाडीत ढोल वाजतो. हे नाच कुणी आपल्याला शाळेत शिकवले नाहीत. आईच्या कडेवर बसून पाहिले, मग तिच्या कमरेला हात घालून नाचलो. पण आता या नाचांना बाहेरून बोलावणं येतं. कुठे महोत्सव असतो, कुठे साहेबांचं स्वागत, कुठे रिसॉर्टवर पाहुण्यांसमोर कार्यक्रम. "तुमच्या गटातल्या दहा बायका पाठवा, पंधरा मिनिटांचा नाच बसवा," असा निरोप येतो. मग गटात चर्चा होते. जावं की नाही? गेलो तर काय मागावं? घरचा नाच तिथे नेला तर तो आपला राहील का?

हा प्रश्न फक्त आपल्यापुढेच आलेला नाही. आज मी तुम्हाला पोलंड नावाच्या देशातल्या गावच्या नाचांची गोष्ट सांगणार आहे. पोलंड फार लांब आहे, युरोपात. पण ही गोष्ट एकदा आपल्या कोल्हापूरला येऊन गेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दुसरं महायुद्ध १९३९ साली पोलंडवरच्या हल्ल्याने सुरू झालं. एका बाजूने जर्मनी घुसला, दुसऱ्या बाजूने रशिया. पूर्वेकडच्या भागातल्या लाखो माणसांना घरातून उचलून रशियात दूर सैबेरियाकडे, कझाकस्तानकडे मालगाड्यांतून नेलं. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची मुलं, सगळीच. थंडीने आणि उपासमारीने त्यांतली कितीतरी तिथेच गेली. पुढे सुटका झाली तेव्हा वाचलेली माणसं इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली काही हजार आपल्या देशात आली. गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी बालाछडीला अनाथ मुलांना आसरा दिला. आणि कोल्हापूरजवळ वळीवडे इथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ती तिथे होती. नंतर त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी लोक आले, आज तिला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे.

त्या छावणीत बायकांनी संसार पुन्हा मांडला. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकाची हौसही होती. सणाला, कार्यक्रमाला मुली आपल्या देशाचा पोशाख घालून आपले नाच करत. विचार करा, ज्या पोरींनी गाव सोडलं तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या, त्यांना आयांनी नि शिक्षिकांनी कोल्हापूरच्या मातीवर पोलंडचा नाच शिकवला. कागदपत्रं गेली, घर गेलं, जमीन गेली. पायात होता तेवढा नाच राहिला.

आता हे नाच कसले, ते सांगते. पोलंडचे पाच नाच फार नावाजलेले आहेत: पोलोनेझ, माझुर, कुयाव्याक, क्राकोव्ह्याक आणि ओबेरेक.

माझुर हा वॉर्सा शहराच्या आसपासच्या माझोव्हशे भागातला. त्याचा ताल तीन मात्रांचा. घरी बसल्या बसल्या करून पाहा: एक, दोन, तीन असं म्हणा, पण टाळी 'एक'वर न देता 'दोन'वर द्या. मग पुढच्या वेळी 'तीन'वर द्या. जोर असा जागा बदलतो, त्यातच माझुरची गंमत. नाचणारा उडी घेता घेता टाचेवर टाच आपटतो.

क्राकोव्ह्याक हा क्राकूव्ह शहराच्या बाजूच्या गावांचा. दोन मात्रांचा, झपाट्याचा, घोडा दौडावा तसा. त्यात बायकांच्या अंगात टिकल्या-मण्यांचं भरतकाम केलेली बंडी असते, फुलाफुलांचा घागरा, गळ्यात लाल पोवळ्यांच्या माळा, डोक्यावर फुलांचा वेढा. पुरुषांच्या टोपीत मोराचं पीस. मोराचं पीस म्हटल्यावर तुम्हालाही आपल्याकडचे नाचे आठवले असतील.

आणि पोलोनेझ म्हणजे संथ चालीचा नाच. जोड्याजोड्यांनी ओळीत चालायचं, मध्येच वळायचं, कमान करायची. मुळात गावच्या लग्नात असा चालायचा नाच होता. तो पुढे जमीनदारांच्या वाड्यात गेला आणि तिथून दरबारात. आज पोलंडमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेला शंभर दिवस उरले की मुलं-मुली पोलोनेझ नाचतात. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्को या जागतिक संस्थेने पोलोनेझला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. त्याच बैठकीत गुजरातचा गरबाही त्या यादीत गेला. म्हणजे आपल्या शेजारणीचा नाच आणि त्यांचा नाच एका पंगतीला बसले.

आता मुद्द्यावर येते. हे गावचे नाच बॅलेत गेले. बॅले म्हणजे नाचातून सांगितलेली गोष्ट. बोलणं नाही, नुसतं वाद्यांचं संगीत आणि नाच. युरोपातल्या राजदरबारांत तो वाढला. आपल्याकडे भरतनाट्यम, कथक जसं लहानपणापासून गुरूकडे शिकावं लागतं, तसंच ते. हात कुठे, पाठ कशी, पाऊल किती वळलेलं, सगळ्याचे पक्के नियम. बायका पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहून नाचतात.

अशा या दरबारी नाचात गावचा नाच कसा शिरला? वॉर्सात १८२३ साली क्राकूव्हकडच्या खेड्यातल्या लग्नावर एक बॅले झाला, तो लोकांना फार आवडला. १८३९ साली पॅरिसमध्ये फॅनी एल्सलर या त्या काळच्या नामांकित नर्तकीने क्राकोव्ह्याक नाचून दाखवला. १८७० साली पॅरिसमध्येच 'कोपेलिया' नावाचा बॅले आला, त्यात गावकरी माझुर्का नाचतात; माझुरचंच हे बाहेरचं नाव. आणि 'स्वान लेक', म्हणजे हंसांच्या तळ्याची गोष्ट, १८७७ साली मॉस्कोत झाली. तिच्यात राजवाड्यातल्या मेजवानीत देशोदेशीचे नाच होतात, त्यांतही माझुर्का आहे. आजही जगभर हा बॅले होतो आणि तो नाच होतो.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. या गावच्या नाचांसाठी बॅलेवाल्यांना पायातले जोडे बदलावे लागले. बोटांवर उभं राहायच्या जोड्यांनी टाच वाजत नाही. मग टाचेचे जोडे, बूट आणले. दरबाराने गावाला आपल्यासारखं केलं खरं, पण पायापुरतं दरबारालाही गावाचं ऐकावं लागलं.

यात मिळालं काय? पोलंड देश १७९५ साली शेजारच्या तीन राज्यांनी वाटून घेतला. १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षं, नकाशावर पोलंड नव्हताच. पण माझुर्का वाजली की जगाला पोलंड आठवायचा. शोपॅं हा त्यांचा थोर संगीतकार १८३० साली देश सोडून गेला तो परत आला नाही, पण त्याने परदेशात राहून पन्नासावर माझुर्का रचल्या. त्यांचं आजचं राष्ट्रगीतही माझुरच्याच चालीचं आहे.

आणि गेलं काय? गावात नाचणारा वाजवणाऱ्यांसमोर उभा राहून आपलं कडवं गायचा, मग वाजवणारे त्याची चाल उचलायचे. म्हणजे नाच कसा जाणार हे नाचणारा ठरवायचा. रंगमंचावर सगळं आधीच बांधलेलं. किती पावलं, कुठे वळायचं, कधी संपायचं. पत्रिकेवर नाव संगीतकाराचं, नाच बसवणाऱ्याचं. ज्या गावच्या बायकांनी तो नाच पिढ्यानपिढ्या सांभाळला, त्यांचं नाव कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट. वॉर्सावर रशियाच्या बादशहाचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी १८३० साली उठाव केला, तो चिरडला गेला. त्याच बादशहाच्या राजधानीत दरबारी मंडळी हौसेने माझुर नाचत होती, पोलिश नर्तकाकडून शिकतही होती. नाचाला टाळ्या होत्या. ज्यांचा नाच, त्यांचं म्हणणं ऐकायला कुणी नव्हतं.

मैत्रिणींनो, हे ऐकून मला आपला शहापूर आठवतो. भातसा, तानसा आपल्या तालुक्यात. तिथलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. त्याच पाड्यावरच्या बायकांना पाहुण्यांपुढे नाचायला बोलावतात. नाचावं, जरूर नाचावं. पण टाळ्या म्हणजे मान नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं. मान मिळाला की नाही, ते नाचाआधीच्या आणि नाचानंतरच्या वागणुकीतून कळतं.

स्टेजवर आपल्या नाचाचं काय होतं, तेही पाहा. तारप्याचा नाच गोल असतो. तारपा वाजवणारा मध्ये, बाकी सगळे हातात हात गुंफून त्याच्याभोवती. तो चाल बदलेल तशी पावलं बदलतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही. स्टेजवर गेलं की सांगतात, "गोल नको, प्रेक्षकांकडे तोंड करा, ओळीत उभ्या राहा." गौरीच्या फेरात ज्या बाईला कडवं सुचेल ती गाणं पुढे नेते, स्टेजवर मोबाइलवरचं गाणं लावतात. अंगणात सून नाचते, सासू नाचते, पाय दुखला की एखादी बाहेर बसते. स्टेजवर दहा सारख्या वयाच्या, सारख्या उंचीच्या मागतात. मग जिला सगळी गाणी येतात ती सत्तर वर्षांची आजी घरीच राहते.

म्हणून स्टेज वाईट, असं मी म्हणत नाही. पोलंडमध्ये युद्धानंतर १९४८ साली 'माझोव्हशे' नावाचं मोठं नृत्यपथक निघालं. त्यात खेड्यापाड्यांतली मुलं-मुली निवडून घेतली, त्यांना शिकवलं, आणि पथक जगभर फिरलं. त्याच्या किती तरी आधी, त्याच देशात ऑस्कर कोलबर्ग नावाचा माणूस १९ व्या शतकात गावोगाव हिंडून गाणी, चाली, रीतिरिवाज लिहून काढत होता, कुठल्या भागातलं काय हे नोंदवत. मागाहून स्टेजवर काहीही बदललं तरी मूळ काय होतं ते पाहायला वही शिल्लक राहिली. हे आपणही करू शकतो. त्यासाठी मोठा माणूस यायची वाट पाहायला नको.

तेव्हा चार गोष्टी सांगते, पुढच्या बैठकीत गटापुढे ठेवा.

पहिली, गटाची नाचाची वही करा. गावातल्या वयस्कर बायकांकडे, धवळेरीकडे बसा. कोणता नाच कधी, पावलं किती, गाणं कुणाकडून आलं, ते शाळेत जाणाऱ्या मुलींकडून लिहून घ्या. मोबाइलवर आवाज भरून ठेवा. त्यावर गावाचं नाव, सांगणारीचं नाव आणि तारीख घाला.

दुसरी, होकार देण्याआधी विचारा. गाडी कुणाची, परत किती वाजता सोडणार, जेवण काय, मानधन किती आणि ते कुणाच्या हातात पडणार. मध्यस्थाकडे नको, गटाच्या खात्यात घ्या. ढोलवाल्याला जेवढं, तेवढंच प्रत्येक बाईला. आणि निवेदकाने नाचाचं, गावाचं, गटाचं नाव घेतलंच पाहिजे, हे आधी ठरवा.

तिसरी, चित्रीकरणाबद्दल विचारा. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्या कलाकाराचेही हक्क मानले आहेत. तुमच्या नाचाचं चित्रीकरण धंद्यासाठी करायचं तर तुमची संमती लागते. कशावर सही घेतात ते वाचून घ्या, वाचता येणारी मुलगी सोबत न्या. कार्यक्रमाचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि जपून ठेवा. वयस्कर कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे, तिच्या अर्जाला कलेचा पुरावा लागतो. पंचायत समितीत चौकशी करा.

चौथी, आणि मला सगळ्यांत मोठी वाटते ती. दोन नाच ठेवा. एक स्टेजचा, पंधरा मिनिटांचा, लोकांना दाखवायचा. तो नीट बसवा, पैसे घेऊन करा. दुसरा अंगणातला. त्याला वेळ नाही, उंची नाही, वय नाही. पण एक गोष्ट मनाशी पक्की ठरवा: गौरीच्या रात्री कितीही मोठी सुपारी आली तरी गट बाहेर जाणार नाही. ती रात्र आपली. वळीवड्याच्या छावणीतल्या आयांनी पोरींना जो नाच दिला, तो कुणाच्या स्वागतासाठी दिला नव्हता. आपण कुठल्या, हे त्यांच्या लक्षात राहावं म्हणून दिला होता.

या आठवड्यात एवढं करा, घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारा, की तिच्या माहेरी कोणता नाच होता. आणि ती उठून दाखवायला लागली, तर बसून नुसतं पाहू नका, तिच्या कमरेला हात घाला.