घरची भाकरी आणि हॉटेलातले बाकडे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, मुखेड येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हुंडा, व्यसन अथवा मुलामुलींचे शिक्षण यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी अनेकांची समजूत झाली असेल. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर अधिकारवाणीने बोलू शकणारी मंडळी समोर बसलेली आहेत. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते, आणि सारे आयुष्य गेले ते खेड्यापाड्यांतील मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेण्यात. म्हणून ज्या विषयाचा अभ्यास प्रत्येक मनुष्य दिवसातून दोन वेळा न चुकता करतो, तोच आम्ही निवडला आहे. तो विषय म्हणजे जेवण. सभा संपताच पंगत बसावयाची आहे. तेव्हा विषय वेळेला धरून आहे, एवढे तरी आपण मान्य कराल.

आपल्या भागातील माणूस दोन ठिकाणी जेवतो. एक घरी आणि दुसरे हॉटेलात. घरच्या जेवणाची तेवढी स्तुती करावी आणि हॉटेलाला नावे ठेवावीत, अशी वडीलधाऱ्यांची रीत आहे. आम्हांस ती रीत पुरती पटत नाही. घर आपल्याला ऋतू शिकविते आणि हॉटेल आपल्याला माणसे शिकविते. या दोन्ही शाळा चालू राहिल्या पाहिजेत.

प्रथम घराकडे पाहू. मृगाचा पाऊस पडून गेला की बांधावर तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी अशा भाज्या न पेरता उगवतात. त्या कोणी विकत घेत नसे. सून-सासू पदरात खुडून आणीत. आषाढात तळण निघते आणि गुळाच्या कापण्यांचा खमंग वास गल्लीभर पसरतो. नागपंचमीला दिंडे होतात. मग अंबाडी येते. ज्वारीच्या कण्या घालून शिजविलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी यांपुढे पक्वान्नाची मातब्बरी नाही. देगलूर ओलांडून तेलंगणात गेले की हीच अंबाडी गोंगूरा होते, आणि उदगीर ओलांडून बिदरकडे गेले की कानडी घरांत तिला पुंडी म्हणतात. नाव तिन्ही भाषांत निराळे, पण आंबटपणा तोच. सरहद्दी नकाशावर असतात. ताटात त्या उमटत नाहीत.

भाजीपाला मिळेना की येसर कामास येई. गहू, ज्वारी, डाळी भाजून, मसाल्यासह दळून ठेवलेले हे पीठ म्हणजे मराठवाड्यातील गृहिणीची खरी ठेव होय. अवेळी पाहुणा दारात आला तरी येसराची आमटी, शेंगदाण्याची अथवा कारळाची चटणी आणि भाकरी एवढ्यावर घराची अब्रू राखली जाई. उन्हाळा आला की कुरडया, पापड, सांडगे, शेवया यांची धांदल. एका घरच्या शेवयांना चार घरच्या बायका येत, आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी दुसऱ्या अंगणात बसत. सहकार या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी शिकविला नव्हता.

या सर्वांवर कळस म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आपला मुखेड-देगलूरकडील भाग येथे हा सण जसा होतो, तसा उरलेल्या महाराष्ट्राला ठाऊक नाही. उत्तर कर्नाटकात मात्र तो आपल्याइतक्याच हौसेने करतात. त्या दिवशी लातूरसारख्या शहराचे रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची खोप करून पाच पांडवांची पूजा मांडावयाची. मडक्यातील गार आंबील, ओल्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर यांचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि मग पांदीने जाणाऱ्या येणाऱ्याला हाका मारून बोलवावयाचे. हाक मारताना त्याचे आडनाव कोणी विचारीत नाही. आदल्याच दिवशी माळेगावी खंडोबाची यात्रा सुरू झालेली असते. तिकडे निघालेला वाटसरूही पानावर बसतो. हा सण आपल्या पूर्वजांनी का घातला असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला. रानात जे पिकले ते रानातच, सर्वांबरोबर खावे, हाच त्याचा अर्थ आम्हांस दिसतो.

पौष-माघात हुरडा. गुळभेंडी अथवा सुरती ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, चटणी आणि गुळाबरोबर खाताना जो स्वाद येतो, त्याचे वर्णन करण्यास आमची लेखणी असमर्थ आहे.

परंतु बंधुभगिनींनो, हे वर्णन करताना आमच्या मनास एक टोचणी लागते. ज्या पिकावर हे सारे वैभव उभे आहे, ती ज्वारी आपल्या शिवारातून मागे हटत आहे. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने तिची जागा घेतली. यात शेतकऱ्याचा दोष नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, लातूरच्या बाजारपेठेत ते लगेच खपते. उलट ज्वारीला पाखरांची राखण, काढणीला मजूर आणि भाव मात्र बेताचा. प्रपंच हिशेबाने चालतो. पण सोयाबीनचा हुरडा होत नाही आणि त्याचा कडबाही होत नाही. ज्वारी गेली की घरची भाकरी, गोठ्यातील बैलाची वैरण आणि वेळ अमावस्येची खोप, ही तिन्ही एकदमच जातात.

आमच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ शाळकरी वयात पाहिला. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांची चव त्या काळची मंडळी विसरलेली नाहीत. त्याच वर्षी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे याच विद्यापीठाने हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने लोह आणि जस्त अधिक असणारे ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. आपल्या देशाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच तंतूंचा अंश असतो. शहरांतील डॉक्टर आता रोग्यांना भाकरी खाण्यास सांगतात आणि आपण मात्र पाहुणा आला की भाकरी झाकून पोळी पुढे करतो! भाकरीची लाज वाटण्याचे काही एक कारण नाही.

आता हॉटेलाकडे वळू. आपल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी हॉटेल म्हणजे संगमरवरी महाल नव्हे. पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, पेटती भट्टी, कढईत फुगणारी भजी, सोबत तळलेली मिरची, आणि सकाळच्या वेळी परातीत वाफाळणारा सुशीला. भिजविलेल्या मुरमुऱ्यांचा हा पदार्थ मराठवाड्याबाहेरच्या पाहुण्यास प्रथम कोड्यात पाडतो. दुसऱ्या घासाला तो बशी पुढे करतो. कर्नाटकातून आलेली इडली, हैदराबादेकडून आलेली बिर्याणी आणि आपली जिलबी एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात. बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस बी-बियाणे, सोयरीक, कोर्टाची तारीख, या साऱ्यांचा विचार याच बाकड्यावर एका चहात करतो. आम्हीही पगाराच्या दिवशी भजी पुड्यात बांधून घरी नेत असू. पावसाळ्यात ती भजी घरच्या मंडळींना पक्वान्नासारखी वाटत.

या बाकड्यांचे मोल केवळ चवीत नाही. पूर्वी कित्येक गावी हॉटेलात काही लोकांसाठी कपबशा वेगळ्या, बसावयाची जागा वेगळी, असा प्रकार असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या राजवाड्यातील सेवकास, स्पृश्यांच्या हौदास शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास हॉटेल काढून दिले, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही असे पाहून स्वतः आपली गाडी तेथे उभी करून चहा घेऊ लागले. राजानेच चहा घेतल्यावर इतरांची भीड चेपली. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही अटकाव करता येणार नाही, असे लिहिले गेले. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचे नाव यावे, यातच त्या बाकड्याचे महत्त्व आले.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात आपणांपैकी बहुतेक जेवलेले आहेत. तेथे जमिनीवर एका रांगेत बसावे लागते आणि वाढणारा नाव विचारीत नाही. आमच्या शाळांतही हेच घडले. १५ ऑगस्ट १९९५ पासून मध्यान्ह आहाराची योजना आली. पुढे २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजविलेले अन्न मिळू लागले. खिचडीच्या पंगतीत मुले भूक लागेल तशी आणि जागा मिळेल तशी बसत. जातीचे शिक्षण त्यांना आम्ही गुरुजी देत नव्हतो. घरून जे येई, ते त्या पंगतीत पुष्कळसे विरघळून जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात रावणगाव, हसनाळ या गावांत पुराचे पाणी घुसले आणि चुली बुडाल्या. अशा वेळी भिजलेल्या माणसाला शिजलेला घास लागतो. तो कोणाच्या घरचा, हे विचारण्यास सवड नसते. संकटात जे सहज जमते, ते सुखाच्या दिवसांत जड का जावे?

आणखी एक गोष्ट भगिनींच्या वतीने सांगावयाची आहे. घरच्या जेवणाची थोरवी गाणारे आपण बहुतेक पुरुष आहोत, आणि ते रांधणाऱ्या बहुतेक स्त्रिया. भाकरी गरम हवी, हा आपला आग्रह. पण थापणारीच्या ताटात पडते ती शेवटची, निवलेली. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील गृहिणीस चुलीपासून सुटका द्यावी, तिला हॉटेलात न्यावे, आणि पडद्याआडच्या ‘फॅमिली’ खोलीत न दडविता मोकळ्या बाकड्यावर मानाने बसवावे. हॉटेलातील तेच तेच तेल तापवून तळलेले पदार्थ रोज खाऊ नयेत, हे खरे; पण महिन्यात चार वेळा खाल्लेल्या गरम भज्यांनी जितके बिघडते, त्याहून अधिक स्त्रीच्या विश्रांतीवाचून घराचे बिघडते.

गुरुजीने भाषण केले आणि गृहपाठ दिला नाही, असे होणे शक्य नाही. म्हणून चार सूचना मांडतो. पहिली: ज्यांना शेती आहे, त्यांनी निदान चार ओळी हुरड्याच्या ज्वारीच्या पेराव्यात आणि तो हुरडा मुलांना रानात नेऊन खाऊ घालावा. दुसरी: आपल्या पाककला बव्हंशी तोंडीच राहिल्या आहेत. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि घरोघर गेले. तसे आपल्या आजीबाईंचे येसर, उंडे, आंबील यांची मापे नातवंडांनी वहीत उतरून घ्यावीत आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती छापावीत. तिसरी: आपल्या मेळाव्यात पहिली पंगत भगिनींची बसावी आणि वाढपी पुरुष असावेत. चौथी सूचना थोडी अवघड आहे. आपली संस्था ही समाजाची संस्था आहे, आणि त्यात गैर काही नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, अडल्यानडल्यास मदत, ही कामे तिने केली पाहिजेत. परंतु तिची सभा जरी समाजापुरती असली, तरी तिची पंगत गावाची असावी. शेजारच्या आळीतील सर्वांना, कोणत्याही जातीधर्माच्या का असेनात, आमंत्रण जावे. वेळ अमावस्येला आपण वाटसरूला हाक मारतो ती शिवारात. तीच हाक मंडपातून मारावयाची आहे.

आमचे बोलणे लांबले. आतून वरणाच्या फोडणीचा वास येऊ लागला आहे आणि अशा वासापुढे कोणाही वक्त्याने अधिक वेळ उभे राहू नये.  तिसरी सूचना आजच अमलात येत असेल, तर पहिल्या पंगतीस वाढण्याकरिता एक वरणाचे भांडे आमच्या हाती द्यावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.