अर्ज बाद झाला, अंजलीताई नाही

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील तृतीयपंथी. बायकांच्या राखीव जागेवर त्यांनी ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो छाननीत बाद झाला. त्या थेट औरंगाबाद खंडपीठात गेल्या. कोर्ट म्हणालं, त्या स्वतःला बाई मानतात, तर बाई म्हणून लढू द्या. जानेवारी २०२१ मध्ये गावानं त्यांना निवडूनही दिलं!

पण पंचायतीच्या आधी शाळा येते. पोरगं बायकी चालतं म्हणून वर्ग हसतो, मग ते शाळेचं नावच काढत नाही. तृतीयपंथी लेकराला शाळेनं डावलणं २०१९ च्या कायद्यानं बंद केलंय. चकलांब्यात असं कुणी घरी बसलं असेल, तर हेडमास्तरांकडं त्याच्या आईला एकटीला धाडू नका. गटातल्या दोघीतिघी सोबत जा.