औषधाचा पत्ता

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस, बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. अधिकार एवढाच, की एक वाक्य गेली काही वर्षं माझ्या मनातून जात नाही : ‘औषध लागू पडत नाही.’

ते मी ऐकलं माझ्या खालाच्या आजारपणात. खाला औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. तिच्या टाचेवर काळा डाग दिसू लागला. कुरूप असेल म्हणून कुणी बिब्ब्याचा चटका दिला, कुणी मेडिकलमधून पट्टी आणून दिली. पेरणी झाली, खुरपणी झाली, सोयाबीनची काढणी झाली. दिवसातून पाच वेळा वजू करताना ती तो पाय धुवायची. डाग वाढत होता, कडेनं वेडावाकडा होत होता, मधूनच रक्त येत होतं. आम्ही नांदेडहून ईदला जायचो, तिच्या हातचा शीरखुर्मा खायचो. पाय कुणी पाहिला नाही.

दवाखान्यात नेलं तेव्हा जांघेत गाठ आली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मेलॅनोमा. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, गाठी पुन्हा आल्या. आणि मग ते वाक्य. दीड वर्षात खाला गेली.

कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो जास्त, आणि त्यात उन्हाचा मोठा वाटा असतो. आपल्याकडे तो विरळा. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या बोटाला झाला. १९७७ साली निदान झालं आणि १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते गेले.

मग औषध लागू का पडत नाही? काही कॅन्सरपेशींच्या आवरणात जणू मोटारपंप बसवलेले असतात. आत आलेलं औषध ते बाहेर उपसतात. काही पेशी एक वाट अडवली की दुसरी काढतात. २०११ साली वेमुराफेनिब नावाची गोळी मेलॅनोमासाठी मंजूर झाली. गाठी विरघळू लागायच्या, आणि बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी परत यायच्या. शिवाय सलाईनमधून दिलेलं औषध पाटाच्या पाण्यासारखं शरीरभर पसरतं. पिकाला थोडं, बाकी बांधाला आणि तणाला. केस गळतात, उलट्या होतात. मात्रा वाढवावी तर माणूस सोसत नाही.

आपण लातूर-नांदेडकर पाण्याचे पोळलेले. पाट सोडून ठिबक का घेतलं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पाणी तेवढंच, पण मुळाशी. नॅनोकणांमागचा विचार थेट हाच. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. औषध वाहणारा कण बहुधा शंभराच्या आसपास. अशा कणाच्या पोटात औषध भरायचं. पेशी तो अख्खा गिळते, त्यामुळे औषध दारातल्या पंपाला चुकवून आत जाऊ शकतं. एकाच कणात दोन औषधं घालून दोन्ही वाटा अडवण्याचेही प्रयोग चालू आहेत.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत नातेवाईक एका इंजेक्शनसाठी दुकानं पालथी घालत होते, आठवतं? लायपोसोमल अँफोटेरिसिन. साध्या अँफोटेरिसिननं मूत्रपिंडाला इजा होते. तेच चरबीच्या सूक्ष्म कुपीत भरलं की ती बरीच कमी होते. असं औषध आपल्या देशात तयार करण्याचं काम मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार आधीच केलं होतं. कॅन्सरवरचं असं पहिलं औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं.

पण ठिबकच्या नळ्याही तुंबतात. प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. टोचलेल्या कणांपैकी शंभरातला एक भागसुद्धा बहुधा गाठीपर्यंत पोचत नाही, असं त्यात दिसलं. पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवतात. मेलॅनोमापुरतं बोलायचं, तर यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आहे. आशेची एक बातमी २०२२ च्या डिसेंबरात आली. रुग्णाच्याच गाठीतली ओळख चरबीच्या नॅनोकणांत भरून लस करायची आणि प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधासोबत टोचायची. ऑपरेशन झालेल्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, नुसतं ते औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत, आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. रुग्ण थोडे होते. मोठ्या चाचण्यांची कसोटी वेगळीच असते.

हे सगळं वाचताना मला बार्शी आठवली. तिथल्या कॅन्सर रुग्णालयाची वाट आपल्या भागातल्या किती घरांना ठाऊक आहे! १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरले, नोंदी घेतल्या, लक्षणं सांगितली. पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आजार लहान असतानाच येण्याचं प्रमाण वाढलं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. कुणीतरी दारापर्यंत गेलं, एवढंच.

औषधाला पेशीचा पत्ता सापडावा म्हणून शास्त्रज्ञ रात्रंदिवस झटत आहेत, तो सापडो. पण खालाच्या बाबतीत औषध पोचण्याआधी आम्ही पोचायला हवं होतं. मेलॅनोमा कातडीपुरता असताना काढला, तर बहुतेक माणसं वाचतात.

म्हणून एक विनंती. घरातल्या थोरल्यांचे तळपाय अधूनमधून उजेडात बघा. काळा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल, तर कुरूप म्हणून कापू नका, बिब्बा लावू नका. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मी आता घरी तेच करतो. अम्मी हसते, म्हणते, याला काय वेड लागलंय. आणि पाय पुढे करते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)